लायनीवर गेलेला माणूस : पठारावर एकट्याने काम करणाऱ्यांसाठी उपकरणं निवडतानाचं एक प्रकरण

२०२४चा जुलै. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी ३३ केव्हीचा फिडर, म्हणजे पवनचक्क्यांची वीज सबस्टेशनला आणणारी लाइन, अर्थ फॉल्टवर ट्रिप झाला; तार कुठेतरी जमिनीला किंवा झाडाला लागली की तो आपोआप बंद पडतो. पाटण तालुक्यातलं पठार, सकाळपासून झड लागलेली, आणि धुकं असं की सबस्टेशनच्या गेटवरून पहिली पवनचक्की दिसत नव्हती, नुसता पात्यांचा आवाज येत होता. लाइन कुठे लागलीय ते चालत जाऊन बघायचं, म्हणून पेट्रोलिंगचे मामा २ वाजून ४० मिनिटांनी निघाले. वय पन्नाशीच्या पुढे, साइट उभी राहिली तेव्हापासून इथेच. अंगावर रेनकोट, हातात काठी, खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन.

५ वाजून २० मिनिटांनी ऑपरेटरने फिडर चार्ज करून, म्हणजे पुन्हा चालू करून, पाहिला. टिकला. तारेवर पडलेली फांदी बहुधा वाऱ्यानेच खाली गेली असावी. लॉगबुकात नोंद झाली, ‘फिडर नॉर्मल’. मामा परत आले का, हे लिहायला लॉगबुकात रकानाच नव्हता. सहा वाजता शिफ्ट बदलली. जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगितलं, ‘मामा लायनीवर आहेत.’ येणाऱ्याने समजून घेतलं की लाइन चालू झालीय म्हणजे मामा परस्पर खाली घरी गेले असणार. त्यांचं गाव त्याच बाजूला उतारावर.

पहिली खबर आली ती ८ वाजून ४५ मिनिटांनी, आणि ती मामींकडून. सुपरवायझरच्या फोनवर. ‘भाऊ, ह्यांचं ताट झाकून ठेवलंय. अजून आलं न्हाईत. साइटवरच ऱ्हायलेत का?’

दोन जीप, चार बॅटऱ्या, सात माणसं. धनगरवाड्यावरचा एक पोरगा कुत्र्यांच्या भुंकण्याच्या रोखाने खाली उतरला म्हणून ११ वाजून ५० मिनिटांनी मामा सापडले. ओघळीत घसरून घोटा मोडलेला, अंग गार पडून दातावर दात वाजत होते, पण शुद्धीवर. फोन चालू होता, ४० टक्के चार्जिंग शिल्लक. त्यात नऊ कॉल लावलेले दिसत होते. एकही लागलेला नव्हता. एक मेसेजही लिहिलेला होता. ‘पाय मोडलाय ६२ नंबर पोल.’ शेजारी लाल उद्गारचिन्ह.

त्या साइटच्या देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीत मी सुरक्षेचं काम बघायचो. पुढचं वर्षभर हे प्रकरण माझ्याकडे होतं, आणि माझ्या कागदावर विषय एकाच ओळीचा होता : ‘एकट्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी संपर्क-उपकरणांची खरेदी’. ‘खरेदी’ हा शब्दच चुकीचा होता, हे कळायला मला तीन महिने लागले.

आधी माणसं मोजली

एकट्याने कोण कोण काम करतं, याची यादी साइटवर कुणाकडे नव्हती. बसून काढली तेव्हा तीन जाती निघाल्या, आणि तिघांच्या अडचणी एकमेकींशी जुळत नव्हत्या.

पहिले रात्रीचे वॉचमन. तांब्याच्या केबलची चोरी हा पवनचक्क्यांचा जुनाच रोग, त्यामुळे पठारावर चार ठिकाणी चार माणसं रात्रभर एकटी फिरतात. त्यांना भीती माणसांची आणि गव्यांची. दुसरे टेक्निशियन. कागदावर ते नेहमी जोडीने जातात. प्रत्यक्षात एक वर चढतो आणि दुसरा ‘जरा सामान घेऊन येतो’ म्हणून जीपने निघून जातो. तिसरे मामा आणि त्यांच्यासारखे आणखी दोन पेट्रोलमन. हे दिवसा जातात, पण दरीत उतरतात.

हंगामाची गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पवनचक्कीची सुगी पावसाळ्यात असते. नैर्ऋत्येचं वारं जून ते सप्टेंबर वाहतं आणि वर्षाचं बरंचसं उत्पादन त्याच चार महिन्यांत निघतं. म्हणजे शेजारी नवजाला बहुतेक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळत असतो, तेव्हाच इथे एकेक तासाच्या ब्रेकडाऊनचा हिशेब मागितला जातो. ‘हवा सुधारली की जा’ असं कुणी म्हणत नाही. हवा सुधारली की वाराही जातो.

पहिला आठवडा : सगळ्यांना एकच औषध

पहिल्याच बैठकीत साइट मॅनेजर म्हणाले, ‘सगळ्यांना वॉकीटॉकी घेऊन टाकू.’ ऑनलाइन दुकानात जोडी दीड-दोन हजारांत दिसत होती. हिशेब विभागाचं म्हणणं, फोन आहेतच, अॅप टाका. आणि पुण्याच्या ऑफिसातल्या एकाने ट्रेकिंगला वापरतात तो सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारा छोटा डबा सुचवला. त्याचा मेहुणा अमेरिकेहून येणार होता, तो आणू शकला असता.

फोनचं आधी बघू. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हँडसेटला पॅनिक बटण असलं पाहिजे असा नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा दाबायचं, की ११२ ला कॉल जातो. साइटवरच्या बावीस जणांना विचारलं. तिघांना माहीत होतं. ते शिकवलं, फुकटचं होतं. पण ओघळीत पडलेल्या मामांना त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. रेंज नसेल तर बटण कितीही चांगलं असलं तरी ते नुसतं बटण.

मग एका विक्रेत्याने खास ‘एकट्या कामगाराचं’ यंत्र दाखवायला आणलं. काडेपेटीपेक्षा जरा मोठं, गळ्यात अडकवायचं. मोठं लाल बटण, माणूस आडवा झाला की आपोआप गजर, ठरावीक वेळ हालचाल नसली की गजर, जीपीएस. पुण्यातल्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये त्याने स्वतः जमिनीवर झोपून दाखवलं आणि काही सेकंदांत माझ्या फोनवर नकाशासह मेसेज आला. मीही खूश झालो. निघताना विचारलं, आत काय आहे? सिमकार्ड. कुठल्या कंपनीचं? मामांच्या फोनमध्ये होतं त्याच कंपनीचं. मोबाइलला रेंज नव्हती म्हणून माणूस मरता मरता वाचला, आणि त्यावर इलाज म्हणून मोबाइलच्याच रेंजवर चालणारं दुसरं यंत्र आम्ही विकत घ्यायला निघालो होतो.

सॅटेलाइटचा नाद

सॅटेलाइटच्या डब्याने बैठकांमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. बरोबरच आहे, आकाश सगळीकडे असतं. पण भारतात थुराया आणि इरिडियम या कंपन्यांच्या उपग्रहांवर चालणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाहीत. २६/११च्या हल्लेखोरांकडे सॅटेलाइट फोन होता, तेव्हापासून या बाबतीत यंत्रणा फारच सावध आहे. आमचा वाद रंगलेला असतानाच, डिसेंबर २०२४ मध्ये, गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला नेमका तसलाच ट्रेकिंगचा डबा सामानात सापडला म्हणून ताब्यात घेतल्याची बातमी आली. मी ती बातमी ग्रुपवर टाकली. मेहुण्याचा विषय तिथेच संपला.

कायदेशीर वाट आहे. बीएसएनएलमार्फत इनमारसॅटचा फोन परवानगीने मिळतो. त्याची चौकशी केली. खर्च आणि कागदपत्रं बाजूला ठेवली तरी खरी अडचण वेगळी होती. तो फोन हातात धरून अँटेना उघडायची, दक्षिणेकडचं आकाश मोकळं असलेली जागा शोधायची, उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं. ओघळीच्या तळाशी, कारवीच्या खाली, मोडलेल्या पायाने हे कोण करणार? वर सबस्टेशनमध्ये एक ठेवायला हरकत नाही, असं मी अहवालात लिहिलं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या, तेव्हा आमच्या पठारावरही लाइट गेली होती आणि मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्यावर फोन मुके झाले होते. तसल्या दिवसासाठी तो फोन. मामांसाठी नाही.

कुणीतरी मच्छीमारांचं उदाहरण दिलं. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला बोटींवरच्या ट्रान्सपाँडरची योजना सुरू झाली होती. देशभरात एक लाख बोटींना तो मिळणार. इस्रोच्या तंत्रावर चालणारा, संकटाचा इशारा उपग्रहावरून किनाऱ्याला देणारा. चांगलीच योजना. पण बोटीवर तो पक्का बसवलेला असतो, वर मोकळं आकाश असतं, आणि पलीकडे इशारा घेणारं तटरक्षक दल असतं. आमच्या पलीकडे कोण होतं? सहा वाजता शिफ्ट बदललेला ऑपरेटर.

त्या बैठकीनंतर मी खरेदीचा कागद मिटवून ठेवला आणि साइटवर मुक्कामाला गेलो.

चार फोन आणि खडू

तीन दिवस आम्ही लाइन चाललो. एका पिशवीत चार कंपन्यांची सिमकार्डं घातलेले चार फोन. लाइनला ११८ पोल. प्रत्येक पोलखाली उभं राहून प्रत्येक फोनवरून सबस्टेशनला कॉल, अर्धा मिनिट बोलणं, मग एक मेसेज. बरोबर दुसरा पेट्रोलमन होता, त्याच्याकडे तीन रंगांचे खडू. कॉल लागला तर हिरवी रेघ, नुसता मेसेज गेला तर पिवळी, काहीच नाही तर लाल. पावसाने रेघा पुसल्या जात होत्या, म्हणून वहीतही लिहीत होतो.

स्क्रीनवरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, हे पहिल्याच दिवशी कळलं. ४१ नंबरच्या पोलखाली दोन काड्या दिसत होत्या आणि कॉल तीनदा तुटला. ४४ ला एकच काडी लुकलुकत होती, कॉल लागला नाही, पण मेसेज गेला. चार कंपन्यांपैकी पठारावर तिघांची रेंज बरी होती. पश्चिमेच्या उतारावर मात्र फक्त एकीची यायची, तीही मामांच्या फोनमध्ये नसलेली. खाली कोयनेच्या बाजूला २७ पोल असे निघाले जिथे चारही फोन मुके. ६२ नंबर त्यांच्यातलाच.

पवनचक्क्यांच्या आतही बघितलं. जुन्या चक्क्यांचे टॉवर जाळीचे, तिथे फोनही चालतो आणि रेडिओही. नव्या नळीच्या टॉवरमध्ये दार लावलं की संपलं. सगळीकडून पोलाद, आतून बाहेर काही जात नाही. गंमत अशी की माणूस शिडी चढून वर नेसेलमध्ये, म्हणजे पात्यांमागच्या यंत्रांच्या खोलीत, पोचला की पुन्हा रेंज झकास, कारण नेसेलचं कवच फायबरचं. म्हणजे टेक्निशियनचा धोक्याचा काळ शिडीवरचा. तेवढ्या पट्ट्यासाठी कुठलंही उपकरण शोधण्यापेक्षा ‘वर चढणाऱ्याला सोडून खालचा हलणार नाही’ हा जुनाच नियम खरोखर पाळणं सोपं होतं. त्या नियमाला शिस्त लावली आणि टेक्निशियनचा प्रश्न निम्मा झाला. वॉचमन चौघेही हिरव्या पट्ट्यात फिरत होते. राहिला तो उतार.

कोण ऐकणार?

ब्रिटनमध्ये एकट्या कामगारांच्या उपकरणांसाठी बीएस ८४८४ नावाचं मानक २००९ पासून आहे. मी ते उघडलं ते यंत्र कसं असावं हे बघायला. त्यातलं मला उपयोगी पडलं ते भलतंच : मानक यंत्राएवढाच, किंबहुना जास्त, इशारा घेणाऱ्या केंद्राचा आणि नंतरच्या प्रतिसादाचा विचार करतं. आमच्याकडे हेच उलटं चाललं होतं. बटण कसं असावं यावर तीन बैठका झाल्या होत्या, बटण वाजल्यावर जीपची चावी कुणाकडे असेल यावर एकही नाही.

मामांच्या बाबतीत बटण मुळात गौण होतं. त्यांनी नऊ कॉल केले, म्हणजे बटण नऊदा दाबलं. ते बेशुद्ध असते तर एकदाही दाबलं नसतं. दोन्ही वेळा हाती काय आलं असतं? शांतताच. सहा तास एक माणूस गप्प होता, आणि त्या गप्प असण्याला गजर समजणारं कुणी नव्हतं. मामींनी समजलं, कारण त्यांच्याकडे झाकलेलं ताट होतं.

म्हणून अहवालाचा क्रम मी बदलला. आधी तीन गोष्टी ठरवायच्या. माणूस गप्प झाला तर किती मिनिटांत कळलं पाहिजे. कळल्यावर कोण निघेल, कुठल्या वाटेने, काय घेऊन. आणि खबर ज्याच्याकडे येईल तो त्या वेळी दुसरं काय करत असेल. उपकरण चौथं.

ऑपरेटर दुसरं काय करत असतो? फिडर, मीटर, दर तासाची रीडिंग, वरून येणारे फोन. त्याच्या टेबलावर पाचवा स्क्रीन ठेवला असता तर त्याने तो पहिल्या आठवड्यात भिंतीकडे वळवला असता. आवाज हवा होता, आणि तो बंद करायला खुर्चीतून उठावं लागलं पाहिजे असा हवा होता.

रेडिओच, पण परवान्याचा

स्वस्तातली वॉकीटॉकी बाद का झाली ते आधी सांगतो. विनापरवाना चालणारे हातातले रेडिओ ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले. ताकद अर्ध्या वॉटच्या आसपास. मॉलमध्ये, लग्नाच्या मंडपात ठीक. उताराच्या पहिल्या वळणापलीकडे आवाज जाईना. त्याहून ताकदीचे जे ऑनलाइन मिळत होते, त्यांना परवाना लागतो हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढे मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर बडगा उगारून मार्गदर्शक सूचना काढल्या. आमचे साइट मॅनेजर तेव्हा म्हणाले, ‘बरं झालं घेतले नाहीत.’ घेऊ नका म्हणून मी काय काय ऐकून घेतलं होतं, ते त्यांना आठवत नव्हतं.

लोराचाही, म्हणजे कमी ताकदीत छोटे मेसेज लांबवर पाठवणाऱ्या रेडिओचाही, गंभीर विचार झाला. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. ठिकाण आणि इशारा एवढाच मजकूर पाठवायचा, बॅटरी दिवसच्या दिवस चालते, आणि आमच्याकडे ते मेसेज पकडणारा गेटवे उंचावर बसवायला जागांची काय कमी! चाचणीत तो उतारावरच्या बऱ्याच पोलांवरून पोचलाही. मी जवळजवळ त्याच्याच बाजूचा होतो. मामांना विचारायला घरी गेलो, प्लॅस्टर अजून उतरलं नव्हतं. त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि विचारलं, ‘ह्यातनं माणूस बोलतो का?’ नाही म्हटल्यावर परत दिलं. ‘मंग मला काय कळणार, माझं कुणी ऐकलं का न्हाई? तिथं पडल्यावर पायाचं दुखणं ऱ्हातं बाजूला. कुणी येतंय का न्हाई, त्येच डोक्यात फिरतं सायेब.’

त्यांचं म्हणणं भावनेचं वाटेल, पण ते कामाचंही आहे. आवाजातून कळतं की स्ट्रेचर न्यायचं की दोर, माणूस ओघळीत आहे की पोलावर, लाइन बंद ठेवायची की नाही. नुसता नकाशावरचा ठिपका हे सांगत नाही.

शेवटी निवडला तो व्हीएचएफ, म्हणजे जरा खालच्या फ्रिक्वेन्सीच्या, पट्ट्यातला डिजिटल रेडिओ. डोंगर-झाडीत व्हीएचएफ वरच्या पट्ट्यांपेक्षा बरा वळतो. त्यात आणीबाणीचं केशरी बटण असतं, माणूस आडवा झाल्याचा इशारा असतो, आणि ‘एकटा कामगार’ नावाची सोय असते : ठरलेल्या वेळाने रेडिओ टुकटुक करतो, बटण दाबून हो म्हणायचं, बटण दाबलं नाही तर तो आपणहून बोंब मारतो. ही तिसरी सोय आमच्यासाठी सोन्याची. गप्प बसणं म्हणजेच गजर.

रिपीटर, म्हणजे एका रेडिओचा आवाज पकडून पुढे पाठवणारं यंत्र, कुठे बसवायचा यात एक महिना गेला. सगळ्यात उंच चक्की पूर्वेच्या कडेला, म्हणून पहिली चाचणी तिथे. पठार लख्ख, उतार अंधारात. उंची कामाची नव्हती, नजर कामाची होती. पश्चिमेच्या काठावर एक बुटका जाळीचा टॉवर आहे, तिथून दरी दिसते. त्यावर वीस मीटरवर अँटेना लावल्यावर २७ लाल पोलांपैकी २१ हिरवे झाले. टॉवर दुसऱ्याच्या मालकीचा, त्यामुळे त्यांची परवानगी, विजेपासून बचावाचं वेगळं अर्थिंग, अँटेनाच्या जागेला सॅकफा या दूरसंचार विभागाच्या समितीची मंजुरी आणि फ्रिक्वेन्सीचा परवाना, हे सगळं एकामागोमाग; शेवटची दोन त्या विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून. याला महिने लागतात. हे आधी धरून चाला. विक्रेता सांगेल ती तारीख यंत्र पोचण्याची असते, बोलता येण्याची नाही.

परवाना येईपर्यंत पाटी होती. सबस्टेशनच्या दारात काळी पाटी : कोण गेलं, कुठे, किती वाजता यायचं, आणि न आल्यास कोण निघेल. वेळ उलटून वीस मिनिटं झाली की जीप हलायची. माणूस पाटीवरून पुसल्याशिवाय फिडर चार्ज करायचा नाही, हा नियम लाल रंगात. त्या वर्षीच्या अख्ख्या खर्चात सगळ्यात स्वस्त आणि, माझं मत विचाराल तर, सगळ्यात मोठी सुधारणा ती पाटी. उरलेल्या सहा पोलांसाठी आजही तीच पद्धत आहे : ५८ वर उभं राहून ‘उतरतोय’ सांगायचं, ६५ वर येऊन ‘चढलो’ सांगायचं, मधे चाळीस मिनिटं.

कुत्र्याच्या गळ्यात

वॉचमनना सिमकार्डवालंच यंत्र दिलं, दोन कंपन्यांची सिमं घालून. त्यांच्या पट्ट्यात रेंज होती, रेडिओची गरज नव्हती. इथे माझी चूक झाली ती यंत्रात नाही, माणसांत.

पहिल्या पंधरवड्यात गजरांचा पाऊस पडला. मोटरसायकल खड्ड्यात आदळली की यंत्राला वाटायचं माणूस पडला. चहा करायला उकिडवं बसलं की गजर. पहाटे तीन ते पाच हालचाल नाही म्हणून गजर, आणि ते का, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅनेजरनी उत्साहाने त्या पहाटेच्या गजरांची यादी काढून दोघांचा अर्धा दिवस कापला.

त्यानंतर गजर एकदम बंद झाले. मी समाधानाने अहवालात ‘यंत्रणा स्थिरावली’ असं लिहिलं. मग एका रात्री नकाशावर तीन नंबरचे वॉचमन कड्याकडे धावत सुटलेले दिसले, मग परत फिरले, मग गोल गोल फिरू लागले. जीप पाठवली. आबा कोठीत घोंगडीत गाढ झोपलेले. यंत्र त्यांच्या काळ्या कुत्र्याच्या गळ्यात. दुसऱ्याने ते डिझेल जनरेटरच्या पत्र्यावर ठेवलं होतं; जनरेटर थरथरत असेपर्यंत वॉचमन कागदोपत्री जागा.

मला हसू आलं आणि मग लाज वाटली. आबांना खरोखर काही झालं असतं, तर कुत्रा फिरत राहिला असता. मॅनेजरशी भांडून लेखी परिपत्रक काढून घेतलं : या यंत्राची नोंद हजेरीसाठी, पगारासाठी, कारवाईसाठी वापरली जाणार नाही. कापलेले पैसे परत केले. हालचालीचा गजर काढून टाकला आणि दर तासाला एकदा बटण दाबायचं एवढंच ठेवलं. आबा म्हणाले, ‘आता गळ्यात घालतो.’ तसं बघितलं तर झोपायला त्यांना आता सलग पन्नास मिनिटं मिळतात. मला चालतं.

रेडिओच्या वेळा ठरवतानाही हेच झालं. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी टुकटुक ठेवली, तर माणसं न बघता, सवयीने बटण दाबू लागली. पठारावर पंचेचाळीस, उतारावर वीस मिनिटं अशी विभागणी केल्यावर तक्रारी थांबल्या. केशरी बटण रेनकोटखाली कमरेला असताना चढताना आपोआप दाबलं जायचं. छातीवर पट्टा आला आणि दोन सेकंद दाबून धरायची अट आली, मग तेही मिटलं.

सहा खणांचा चार्जर

चार्जर कुठे ठेवायचा, ही निवडीतली सगळ्यात किरकोळ गोष्ट होती. सहा रेडिओ, सहा खणांचा एक चार्जर. इलेक्ट्रिशियनने त्याला यूपीएसची लाइन जवळ मिळाली म्हणून तो काळ्या पाटीच्या बरोबर खाली, ऑपरेटरच्या खुर्चीसमोर बसवला. प्रत्येक खणात रेडिओ असला की हिरवा दिवा, नसला की खण रिकामा. ठरवून काही केलं नव्हतं, पण आठवडाभरात ऑपरेटरांना सवय लागली : शिफ्ट घेताना आधी लॉगबुक नाही, आधी खण मोजायचे.

मामा २०२५च्या मार्चपासून पुन्हा लाइनवर आहेत. पाय थोडा ओढतो, उतारावरचे पोल आता दुसऱ्याकडे दिलेत. जुलैत एकदा संध्याकाळी सहाला चार नंबरचा खण रिकामा राहिला. पाटीवरून मामांचं नाव पुसलेलं, म्हणजे ते वर आलेले. पण रेडिओ नाही. नव्या ऑपरेटरने दोनदा हाक मारली, उत्तर नाही. फोन लावला, लागला नाही. वीस मिनिटं पुरी व्हायची वाट न बघता त्याने जीप काढायला लावली.

जीप ७ वाजून १० मिनिटांनी मामांच्या दारात उभी. मामा पडवीत जेवत होते. रेडिओ पिशवीत, पिशवी खुंटीला, आवाजाचं बटण बंद. ड्रायव्हरने तिथूनच सबस्टेशनला सांगितलं, आणि पलीकडून त्या पंचविशीच्या पोराने मामांना जे काही सुनावलं ते सगळ्या चॅनलवर ऐकू गेलं. मामांनी घास गिळला, रेडिओ तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, ‘बरं बाबा, चुकलं. सकाळी आणतो.’

‘सकाळी न्हाई,’ पोरगा म्हणाला. ‘आत्ता. खण रिकामा ठेवून मी शिफ्ट देणार न्हाई.’

मामींनी ड्रायव्हरला चहा दिला. रेडिओ त्याच्याकडेच पाठवला, वर भाकरी बांधून दिली, त्या पोरासाठी.